कुस्ती थांबल्यावर पैलवानाचा दिवस कशाने भरायचा?

प्रश्न: धाकटा भाऊ

नमस्कार. माझे थोरले बंधू गेली अठरा वर्षे कुस्ती करीत होते. तेराव्या वर्षी वडिलांनी त्यांना तालमीत नेऊन सोडले, पुढे ते मॅटवर गेले, फ्रीस्टाइलच्या ६५ किलो गटात त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत दोन पदके मिळवली आणि एकदा भारतीय संघाच्या सराव शिबिरापर्यंतही पोहोचले. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की चालणे, जिने चढणे, शेतातली कामे हे सर्व होईल, परंतु कुस्ती आता नाही. दादांचे वय ३१ आहे. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर त्यांना नोकरी आहे, त्यामुळे पोटाची चिंता नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

चिंता वेगळीच आहे. ते अजूनही पहाटे चार वाजता उठतात. उठून ओट्यावर बसतात आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहतात. त्यांच्या खाटेखाली वजनाचा काटा आहे. त्यावर ते रोज सकाळी उभे राहतात, आकडा पाहतात आणि काही न बोलता काटा पायाने आत सरकवतात. वजन ७८ किलोच्या पुढे गेले आहे. आई रोज रात्री बदाम भिजत घालते आणि सकाळी थंडाई घोटते, कारण बदाम भिजत न घालणे म्हणजे त्यांची कुस्ती संपली असे तोंडाने म्हणणे, आणि ते घरात कोणालाच जमत नाही. आसपासच्या गावांच्या जत्रांतून कुस्त्यांच्या फडावर सत्कारासाठी बोलावणे येते, पण ते जात नाहीत. कार्यालयातून आल्यावर वहिनींशी आणि त्यांच्या लहान मुलीशीही मोजकेच बोलतात.

आमच्या घरात दुसरे कोणी खेळाडू नाही. खेळ सोडलेल्या माणसाच्या मनात नेमके काय चाललेले असते आणि घरच्यांनी काय करावे, काय करू नये, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: जुना हौदा

आईंच्या बदामांच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. आमच्या घरी हेच दोन वर्षे चालले होते. मी कोल्हापुरात एका तालमीत बारा वर्षे राहिलो, १९९४ साली खांदा निखळला, तो पुन्हा कधी नीट बसला नाही, आणि त्या वर्षापासून मी लांग, म्हणजे पैलवानाचा लंगोट, चढवलेली नाही. आता तालुक्याच्या गावी लहानशी तालीम चालवतो, म्हणून धीर करून लिहितो.

आधी खुराकाविषयी. पैलवानाची भूक ही मेहनतीची भूक असते. पहाटे जोर, बैठका, दोर चढणे, नंतर लढत, संध्याकाळी पुन्हा तेच. ही मेहनत थांबली तरी पोट जुन्याच हिशेबाने मागत राहते आणि घरची माणसे मायेने वाढत राहतात. माझ्याबरोबर तालमीत असलेले कितीतरी जण, ज्यांच्या नावाने फड भरत असत, चाळिशीच्या आत साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊ लागले. म्हणून खुराक एका दिवसात तोडू नका आणि त्यांना मेहनतही एका दिवसात सोडू देऊ नका. दोन्ही गोष्टी बरोबरीने उतरवत न्या. मी आधी तूप कमी केले, नंतर थंडाई, आणि दूध सर्वांत शेवटी. गुडघा असा असताना बैठका मारू नयेत, परंतु डॉक्टरांना विचारून वरच्या अंगाची मेहनत आणि पोहणे चालू ठेवता येईल. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला 'आता झोपा' असे सांगून काही उपयोग नाही. त्या दोन तासांना काम हवे.

काट्याविषयीही लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला तो हट्ट वाटेल. मॅटवरचा मल्ल वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीराला ग्रॅममध्ये मोजत आलेला असतो. स्पर्धेच्या आधी पाणी तोडायचे, घाम काढायचा, रात्रभर जागायचे आणि सकाळी काट्यावर उभे राहायचे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत एका वजनगटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दोन्ही सकाळी वजन होते. विनेश फोगाट २०२४ साली पॅरिसला ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरून अपात्र ठरली, हे आपण सर्वांनी पाहिले. तिने केस कापले होते, रात्रभर घाम काढला होता, तरी तेवढे राहिलेच. असे आयुष्य काढलेल्या माणसाला काट्यावरचा आकडा हीच स्वतःची ओळख वाटते. तुमचे दादा त्यावर उभे राहतात तेव्हा ते वजन पाहत नाहीत, आपण अजून तेच आहोत का हे पाहत असतात. तो काटा लपवू नका आणि त्यावरून टोकूही नका.

आता मातीविषयी. कुस्ती सुटल्यावर चार महिने मी तालमीच्या गल्लीतून जात नसे. लांबचा रस्ता धरीत असे. एके दिवशी वस्तादांनी पोराकरवी निरोप धाडला की हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, उकरायचा आहे, माणूस कमी आहे. कामाला बोलावले म्हणून गेलो. भेटायला बोलावले असते तर गेलो नसतो. वस्तादांनी कुस्तीचा, खांद्याचा शब्दही काढला नाही. हातात खोरे दिले. आम्ही दोन तास माती खालवर केली, ढेकळे फोडली, खडे वेचले, मग तीत हळद, ताक, लिंबाचा रस आणि तेल घालून पायांनी कालवली. तो वास नाकात गेला आणि मी पोरांच्या देखत रडलो. वस्ताद पाहून न पाहिल्यासारखे उभे राहिले. निघताना चौदा वर्षांच्या एका पोराकडे बोट करून म्हणाले, "ह्याचा एकेरी पटाचा डाव कच्चा आहे, बघ जरा." दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा तिथे होतो.

सत्काराला दादा का जात नाहीत, हे मला समजते. फेटा बांधून, नारळ हातात घेऊन खुर्चीवर बसायचे, आणि हलगी कडाडत असताना समोर दुसऱ्यांच्या कुस्त्या पाहायच्या, ही ताज्या जखमेच्या माणसाला शिक्षाच असते. त्यांना पाहुणा म्हणून बोलावू देऊ नका. तोलामोलाच्या मल्लांची जोड लावायला, पंच म्हणून उभे राहायला, निदान पोरांच्या कुस्त्या सोडवायला बोलावले तर ते येतील, असे मला वाटते.

प्रतिसाद: शेवटचा फेरा

मी लांब पल्ल्याची धावपटू होते आणि ३४ व्या वर्षी थांबले. खेळ वेगळा असला तरी पहाटेचा ओटा मला अगदी ओळखीचा वाटला. धावणे बंद केल्यानंतर कितीतरी महिने मी भाजी आणायला निघाले तरी उंबऱ्यावर मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबत असे आणि परत आल्यावर पुन्हा दाबत असे. कोणी विचारले असते तर काय उत्तर दिले असते कोणास ठाऊक. ज्या आयुष्यात प्रत्येक दिवसाला आकडा असतो, त्यातून आकडा गेला की दिवस चांगला गेला की वाईट हेच कळेनासे होते.

तुम्ही लिहिले आहे की नोकरी असल्यामुळे पोटाची चिंता नाही. तरीही कार्यालयात दादांचे काय चालले आहे, हे एकदा हळूच विचारा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यामुळे आमच्यासारख्यांची घरे उभी राहिली, ह्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. मात्र खेळत असताना आपण कार्यालयात फारसे नसतोच. शिबिर, स्पर्धा, विशेष रजा, पुन्हा शिबिर ह्यांत वर्षे जातात, आणि मग एके दिवशी आपण खरोखर टेबलाशी येऊन बसतो. माझी सेवा तेव्हा नऊ वर्षांची झाली होती आणि मला आवक-जावक नोंदवही कशी भरतात हे ठाऊक नव्हते. टिपणी लिहायला सांगितली की पोटात गोळा येई. मागून कोणी तरी हळू आवाजात "खेळाडू कोट्यातल्या" असे म्हणाले, ते माझ्या कानांवर पडले, आणि शर्यतीत मागे पडल्यावर वाटली नव्हती तेवढी लाज मला त्या दिवशी वाटली.

मला त्यातून बाहेर काढले ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एका लिपिक मुलीने. मी तिच्याकडे जाऊन सरळ म्हटले की मला पहिल्यापासून शिकव. रोज कार्यालय सुटल्यावर अर्धा तास, असे तीन महिने ती मला शिकवीत राहिली आणि पुढल्या वर्षी मी विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाले. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या, आणि नंतर त्यांनी महसूल खात्यात प्रशासनाचे काम स्वीकारले. ट्रॅकवर अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडणाऱ्या बाईंना जमिनीचे अभिलेख समजून घ्यावे लागले, तर आपल्यालाही ते शिकता येईल, असा धीर मला त्यांच्याकडे पाहून मिळाला. खेळाडूला नवे काही शिकता येत नाही हा समज खोटा आहे. आम्ही आयुष्यभर दुसरे काय करीत असतो? अडचण एवढीच असते की ज्या विषयात आपण देशातल्या पहिल्या दहांत होतो, तो सोडून पहिलीच्या बाकावर बसावे लागते.

निवृत्तिवेतनाविषयी गावाकडे बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. केंद्र शासनाची गुणवंत खेळाडूंसाठीची निवृत्तिवेतन योजना १९९४ पासून आहे, परंतु ती ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील पदकविजेत्यांसाठी आहे, तीही वयाची ३० वर्षे पूर्ण करून खेळातून निवृत्त झाल्यावर. राष्ट्रीय स्पर्धेतील पदकांवर ती मिळत नाही, तेव्हा त्यासाठी दादांना कोणाच्या दारी फिरवू नका. त्याऐवजी २९ ऑगस्ट २०२४ रोजी निवृत्त खेळाडूंसाठी सुरू झालेल्या 'रीसेट' ह्या प्रशिक्षण कार्यक्रमाची चौकशी करा. तो २० ते ५० वयोगटासाठी आहे आणि त्यात बारावी व त्यापुढे शिकलेल्यांसाठी एक आणि अकरावीपर्यंत शिकलेल्यांसाठी एक असे दोन स्तर ठेवले आहेत. खेळापायी शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी ही दुसरी वाट ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

ह्या धाग्यात खाशाबा जाधवांचे नाव अजून आले नाही, ह्याचे मला कराडचा असल्यामुळे आश्चर्य वाटले. त्यांचे पदक सर्वांना पाठ असते, पण पदकानंतरची बत्तीस वर्षे कोणी सांगत नाही, आणि तुमच्या प्रश्नाशी संबंध त्याच वर्षांचा आहे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या मल्लाला तेथे मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम ह्या दोन्ही गोष्टी नव्या होत्या. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे उभे करताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले, गावोगावच्या लोकांनी पदरमोड केली, आणि बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते, आणि दुसरे यायला १९९६ उजाडावे लागले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केले, तर कुस्त्यांची मैदाने भरवली आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

त्या वेळी त्यांचे वय २६ होते. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ ची मेलबर्न ऑलिंपिक स्पर्धा हुकली. म्हणजे तुमच्या दादांचे जे झाले तेच, त्याच वयाच्या आसपास. पुढे सुमारे २७ वर्षे त्यांनी पोलीस खात्यात चाकरी केली, खात्यातल्या मुलांना कुस्ती शिकवली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने जाहीर झाला.

त्यांची उपेक्षा झाली हे खरे आहे आणि त्याचा राग मलाही येतो. परंतु केवळ उपेक्षित म्हणून त्यांची गोष्ट सांगणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे. गोळेश्वरच्या ह्या माणसाने कुस्ती सुटल्यावर सत्तावीस वर्षे रोज गणवेश चढवला आणि काम केले. तीच गोष्ट आज दादांना सांगण्यासारखी आहे, पण आता लगेच नव्हे. ज्याला स्वतःचे दुःख अजून नीट बोलता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या मोठेपणाचा दाखला दिला तर तो आणखी मिटून जातो.

प्रतिसाद: बाह्यरुग्ण

मी डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत माजी खेळाडूही असतात. वर जे लिहिले गेले आहे ते सर्व मनापासून पटले, तरी एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहितो. खेळ सोडल्यानंतरची उदासी ही बहुतेक वेळा शोकासारखी असते आणि काळ व काम ह्यांनी ती ओसरते. परंतु कधी कधी ती आजाराच्या पातळीवर जाते. झोप लागेनाशी होणे, अन्नावरची वासना जाणे, आवडत्या माणसांतही मन न रमणे, दारू सुरू होणे किंवा वाढणे, 'माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही' असे बोलणे, ह्यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. मरणाविषयी बोलणे आले तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी न्यावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते.

ह्यात दुबळेपणा नाही. अभिनव बिंद्रा ह्यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर मोठी पोकळी जाणवली, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. जिंकलेल्या माणसालाही जर असे होते, तर दुखापतीने ज्याचा खेळ मध्येच हिरावून घेतला त्याला होणारच. गुडघ्याच्या पुनर्वसनाचे व्यायाम मात्र त्यांना नेमाने करायला लावा. शल्यचिकित्सेनंतर माजी खेळाडू ते सोडून देतात, कारण ज्या पायाने आता खेळायचेच नाही त्याच्यासाठी कष्ट का घ्यायचे, असे त्यांना वाटते.

प्रतिसाद: धाकटा भाऊ

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत हे समजत नाही. दीड महिन्याने लिहीत आहे.

सर्व प्रतिसाद मी आधी वहिनींना वाचून दाखवले. दादांशी त्याच बोलल्या, आणि त्यांनी सुरुवात कार्यालयापासून केली. तेथे काय चालले होते ते तेव्हा कळले. ते मी येथे लिहीत नाही, पण 'शेवटचा फेरा' ताईंनी जे लिहिले त्याहून फार वेगळे नव्हते. आता एक सहकारी त्यांना संगणकावरचे काम शिकवीत आहेत. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या खुणांवर आम्ही लक्ष ठेवून आहोत, आणि गुडघ्याचे व्यायाम दादा माझ्या पुतणीला पाठीवर बसवून करतात, कारण तिला त्यात गंमत वाटते. आईने थंडाई एक दिवसाआड केली आहे. पहिल्या दिवशी पेला दिसला नाही तेव्हा दादांनी आईकडे पाहिले, आणि "बरं केलंस" एवढेच म्हणाले.

आमच्या गावची तालीम पाच वर्षे बंद होती, पत्रे गळत होते. 'जुना हौदा' काकांचा प्रतिसाद दादांनी स्वतः वाचला, दोनदा वाचला, आणि गेल्या रविवारी गल्लीतल्या चार पोरांना घेऊन कुलूप काढले. पत्र्यांचे काम झाले आहे. जुनी माती दगडासारखी बसली आहे, म्हणून ती काढून नवी तांबडी माती भरायची आहे. हौदा साधारण वीस फूट बाय वीस फूट आहे. ताक आणि तेल किती लागेल, हे दादांनी मला काकांना विचारायला सांगितले आहे.

प्रतिसाद: जुना हौदा

दादांना माझा नमस्कार सांगा. जुनी माती सगळी फेकू नका. फोडून, चाळून घ्या आणि नवीत मिसळा. माती दोनदा चाळा, कारण एक खडा राहिला तरी पोराची पाठ फाटते. मापाचे आकडे मी देत नाही, कारण प्रत्येक गावच्या मातीचे पाणी पिणे वेगळे असते. ताक थोडे थोडे शिंपडत जा, कालवत जा, आणि मधून मधून मूठभर माती दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. गोळा फुटला नाही तर ओल जास्त झाली, दोन दिवस तशीच पसरून ठेवा. तेल सर्वांत शेवटी. कालवायला पोरांना उतरवा. दादांनी त्या गुडघ्याने हौद्यात पाय घालू नये, काठावर बसून मूठ तपासावी.